गल्लीने तासभर नेट बंद ठेवलं

मालेगावहून आलेली केबल आमच्या गल्लीत सहा घरांना जोडलेली आहे. सातवं घर काकूचं. तिच्या आणि आमच्या अंगणात कमरेएवढी भिंत, आणि तिने नेट घेतलं तेही मुद्दाम दुसऱ्या कंपनीचं. आई आणि काकू सख्ख्या जावा. सामाईक विहिरीच्या पाळीवरून पाच वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. मोटर कोणी किती तास चालवायची, एवढाच मुद्दा. मला तो कधीच भांडणाइतका मोठा वाटला नाही. पण मला विचारतो कोण?

संध्याकाळ झाली की आमच्या मोबाइलवर व्हिडिओच्या मधोमध चक्र फिरत बसे आणि भिंतीपलीकडे काकूची मालिका बिनबोभाट चाले. वेग मोजणारं ॲप मात्र आमचीही लाइन उत्तम असल्याचं सांगे. आईचं मत ठरलेलं होतं: सगळी गल्ली नेट ओढते.

थोरल्या भावाच्या मुलीचं बारसं पुण्यात होतं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून तिला जाता आलं नाही आणि तिच्यापाशी मी राहिलो. भाऊ बारसं लाइव्ह दाखवणार होता. नाव त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं. पहिली नात, तिच्या कानात नाव सांगतात तो क्षण तरी चुकू नये, एवढंच आईला हवं होतं.

"इहिरीवानी पाळी लाव," ती मला म्हणाली. "सगळ्याइले सांग, घंटाभर नेट बंद ठेवा म्हना. आज आमची पाळी हाय."

मी निमूट पाच दारं फिरलो. कोणी हसलं नाही. एकाची मोटर बंद झाली की दुसऱ्याला पाणी मिळतं, हे इथे सगळ्यांना माहीत. नेटचंही तसंच असणार. एका आजोबांनी तर खबरदारी म्हणून टीव्हीची पिनही काढली.

चूक होती ती. नंतर केबलच्या वायरमनने सांगितलं, अडत होतं ते गल्लीत नाहीच. आमचा केबलवाला पुढे मोठ्या कंपनीकडून जी लाइन घेतो, ती संध्याकाळी अख्ख्या तालुक्याने भरून जाते आणि व्हिडिओ तिथेच तुंबतो. काकूच्या कंपनीने व्हिडिओवाल्यांशी थेट जोड घेतलेली. आणि वेग मोजणारं ॲप त्या तुंबलेल्या वाटेने जातच नाही.

बारशात पाळणा दिसला, बायका दिसल्या. आमची बहीण, म्हणजे पोरीची आत्या, पाळण्यावर वाकली आणि चक्र सुरू झालं. आई मोबाइल दोन्ही हातांनी धरून बसली होती. मला केबलवाल्याचा राग आला, मग स्वतःचाच.

तेवढ्यात भिंतीपलीकडून, काकूच्या मोबाइलमधून, बायकांचा गलका ऐकू आला. भावाने तिलाही लिंक पाठवली होती. मग काकू भिंतीशी आली.

"बाई," ती म्हणाली, "आपल्या सासूचं नाव ठेवलं वो पोरीले."

आईने मोबाइल खाली ठेवला. वॉकर धरून ती हळूहळू भिंतीपर्यंत गेली.

"मले काहीच दिसून नाही राह्यलं," ती म्हणाली. "तुया मोबाइल इकडं धर."

दोघी भिंतीवर कोपरं टेकून एकाच मोबाइलात पाहू लागल्या. गल्लीतल्या पाच घरांनी अजून नेट बंदच ठेवलं होतं. सुरू करा म्हणून सांगायला जायला हवं होतं, पण मी तिथून हललो नाही.