दिवा न लावता

नेदरलँड्समधल्या हार्लेममध्ये माझ्या स्टेशनच्या वाटेवर एक गॅरेज आहे. गेल्या हिवाळ्यात, अंधाऱ्या सकाळी मी सायकलवरून वाऱ्याला शिव्या घालत जायचे, तेव्हा तिथे एक म्हातारा लाकडाची छोटी शिडाची होडी घासत असायचा. दार सताड उघडं, पण दिवा कधीच लावलेला नसे. एका हातात पॉलिश पेपर आणि त्याच्या मागोमाग लाकडावरून फिरणारा दुसरा हात. कुठे खरखर लागली की तो हात थांबायचा, मान जराशी कलायची.

विजेची एवढी काटकसर मला बघवेना. एकदा थांबून मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हटलंच, "अहो, दिवा लावा की! डोळे जातील."

"ते गेलेच आहेत," तो हसून म्हणाला. "आता उजेड-अंधार तेवढा कळतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरीही तोंडून निघालंच, "मग ही होडी चालवणार कशी?"

त्याने हातावरचा भुसा झटकला. "वारा तुम्हाला तरी दिसतो का?"

पुढे पुलावर नेहमीसारखा वारा अंगावर आला. शिवी अगदी ओठांपर्यंत आली होती. पण मी सायकल थांबवली, डोळे मिटले आणि तो कुठल्या गालाला लागतोय ते पाहिलं.