जगदेवीने बदललेला प्रश्न

१९८६ साली लातूर जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कचेऱ्यांच्या पाट्या नव्या होत्या, कपाटातले नकाशे मात्र अजून जुन्या जिल्ह्याचेच. अहमदपूरकडे पाऊस सलग दुसऱ्या वर्षी हुकला होता आणि दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या बायांची लहान लेकरं पटापट दगावत होती. आरोग्य केंद्राच्या वहीत कारण एकच: जुलाब.

डॉ. जगदेवी बिराजदार ही औशाच्या ईश्वरप्पा आडत्यांची थोरली मुलगी. वडील दवाखाना थाटून द्यायला तयार होते, पण ती साथरोगांच्या अभ्यासाकडे वळली.

"रोगी सोडून तू वह्या तपासणार?" ते चिडून म्हणाले होते.

"लेकरं दवाखान्यात यायच्या आधीच जातात, आप्पा. ती कशानं जातात ते मला बघायचंय."

वहीतलं कारण तिला पटेना. पाणी वाईट म्हणावं, तर तेच टँकरचं पाणी पिणारी शेजारची पोरं ठणठणीत कशी? तिला गोवराचा संशय आला. गोवर उतरल्यावरही मूल महिनाभर खंगलेलं राहतं; मग साधे जुलाबही त्याला झेपत नाहीत. ती अकरा गावं फिरली. दगावलेल्या मुलांच्या आयांना तिने विचारलं, "त्याआधी गोवर झाला होता का?"

"न्हाई," बहुतेक जणी म्हणाल्या.

शेवटच्या गावात धुरपताबाई भेटली. तिचा नातू गेला होता. तिनेही आधी नकारच दिला. मग दारापर्यंत सोडायला आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "डाक्टरीनबाई, तुमी त्येचं नाव घेऊन इचारून राहिल्या. आमी नाव घेत न्हाई. घरी बाया आल्त्या का, असं इचारा."

"तुमच्याकडं आल्या होत्या?"

"हाव. म्हैना झाला. दोगा लेकरायला. थोरली वाचली."

म्हणजे इथं गोवराला 'बाया' म्हणत होते. दोन महिन्यांचं काम वाया गेलं होतं.

तिच्या महाविद्यालयातल्या विभागप्रमुखांनी समजावलं, "आलेत ते आकडे पाठव. पुन्हा जीप मिळणार नाही."

"चुकीचे आकडे कसे पाठवू, सर? एसटीनं जाईन. एसटी नसेल तिथं चालेन."

भर एप्रिलमध्ये ती पुन्हा त्याच दारांत उभी राहिली. एक आई संतापली, "किती डाव इचारता? लेकरू परत येनार हाय का?" जगदेवीने वही मिटली आणि ती उंबऱ्याशी बसली. मग त्या बाईनंच बोलायला सुरुवात केली.

त्रेचाळीस दगावलेल्या मुलांपैकी एकोणतीस जणांच्या अंगावर महिना-दीड महिना आधी 'बाया' येऊन गेल्या होत्या. शेजारच्या जगलेल्या मुलांत असं फार थोड्यांचं झालं होतं.

हा तक्ता घेऊन ती आरोग्य कचेरीत तीन दिवस बसून राहिली. गोवराची लस या गावांपर्यंत अजून पोचलीच नव्हती. चौथ्या दिवशी साहेबांनी होकार दिला आणि बर्फाच्या पेट्या थेट खडीच्या कामावर निघाल्या. पुढच्या उन्हाळ्यात त्या अकरा गावांत नऊ मुलं गेली. त्यांतली दोन गोवराची. जगदेवी त्या दोन घरी आधी गेली.

नंतर ती नांदेडला प्राध्यापक झाली. हिमायतनगरकडे पाहणीला निघालेल्या विद्यार्थ्यांच्या हातातली प्रश्नावली ती पहिले आठ दिवस काढून घ्यायची. "आधी गावात राहा," ती सांगायची, "लोक बोलतात कसं, ते ऐका." तिच्या नोकरीची पुढची सव्वीस वर्षं हा नियम तिने एकदाही मोडला नाही.