राहायचा टॉवर

आमच्या बाड हॉम्बुर्गपासून जवळच, एका गावाच्या कडेला, एक पडका मनोरा आहे. जर्मन लोक त्याला ‘वोनटुर्म’ म्हणतात, म्हणजे राहायचा मनोरा. पूर्वी कुणी सरदार बायकापोरं घेऊन त्यात राहायचा. दार वरच्या मजल्यावर. शिडी आत ओढून घेतली की खुशाल झोपा. पुढे तो जळाला, आणि गावकऱ्यांनी दगड आपापल्या गोठ्यांसाठी नेले. आता तीन भिंती उरल्यात, आणि वर भिंतीत एक शेकोटी, जिच्यापुढे जमीनच नाही.

पुण्याहून वन्सं आल्या होत्या, ह्यांच्या थोरल्या बहीण. त्यांना तो दाखवायला नेलं. गुडघे दुखतात म्हणून त्या वाटेत बेकरीत कॉफी घेत बसल्या. हे म्हणाले, “ताई, सावकाश ये. राहायचा टॉवर कुठाय विचार, कुणीही सांगेल.”

आम्ही पुढे जाऊन वाट बघत बसलो. वन्सं येईनात. फोनला इकडचं सिमकार्ड नाही. हे बेकरीत बघून आले. त्या केव्हाच निघाल्या होत्या. तेवढ्यात माझं लक्ष मनोऱ्याच्या तळघराकडे गेलं. छत खचून मोठा खड्डा पडलाय आणि कठडा एका बाजूला मोडलेला. वाकून “वन्सं, अहो वन्सं” अशा हाका मारल्या. आत नुसता अंधार.

कुत्रं फिरवत एक बाई आल्या, त्यांना विचारलं. “साडीतल्या आजी? हो हो, त्या पलीकडच्या उंच इमारतीखाली बसल्यात.”

धावलो. वन्सं बाकावर आरामात बसलेल्या, मांडीवर केकची पिशवी.

“किती उशीर रे. बेकरीतल्या मुलीला रेसिडेन्शियल टॉवर म्हणून विचारलं, तिने लगेच दाखवला.”

“ताई, हा नव्हे. तो जुना, पडका.”

“मग सरळ गढी म्हणावं की. आमच्याकडे टॉवर म्हणजे फ्लॅट. इतकी वर्षं इथे राहून मराठी पार विसरलास.”

मला हसू आलं ते थांबेचना, डोळे पुसत हसले.

मग वन्संना हाताला धरून तिकडे नेलं. वरची शेकोटी बघून त्या म्हणाल्या, “पाणी शिडीनं चढवायचं? सुनेचे हालच की गं.”

मी हो म्हटलं. त्यांचा हात मात्र गाडीत बसेपर्यंत सोडला नाही. आणि आता घरात सगळे त्याला गढीच म्हणतात, हेसुद्धा.