अवसेची बैठक

दोन हजार चोवीस साल. मला एक्काहत्तरावं चालू होतं. दाखल्यावरचं वय मास्तरांनी अंदाजानं टाकलेलं, तेव्हा इकडंतिकडं धरा. त्या पावसाळ्यात धाकट्या लेकीला चिकनगुनिया झाला, आणि ती घरी राहते का पुण्याला जाते, हे माझ्यापुढं येऊन उभं राहिलं.

लेक कॉम्प्युटरचे प्रोग्राम बनवते. कुणाच्या नोकरीत नाही. तिसगावजवळच्या आमच्या घरात माडीवर बसून दुकानदारांची, दवाखान्यांची कामं घेते. ती माडी मीच बांधली. मी गवंडी. शाळा चौथीपर्यंत, पण माझ्या भिंतीला कुणीही येऊन ओळंबा लावून बघावा.

आजारपणाच्या आधी तिनं एकट्यानं काम करणाऱ्या प्रोग्रामरांच्या संघटनेत नाव घातलं होतं. मी विचारलं, यात मिळतं काय? महिन्यातून एकदा भेटतात म्हणाली, अडलं तर विचारता येतं, करारनामा कुणी जाणता वाचून देतो. मी म्हणालो, वर्गणी भरून चहा प्यायचा धंदा आहे हा. ती हसली.

"मग आबा, तुमी अवसेला काय करत हुता?"



अवसेला आमच्याकडं गवंडी थापीला हात लावत नाही. त्या दिवशी आसपासच्या गावांतले सगळे गवंडी बाजारतळाच्या कडेला चिंचेखाली जमायचे. बसायला घडीव दगड होते, एका पडक्या जोत्याचे, आम्हीच लोटत आणलेले. कुठला मालक कसा, कुठली वाळू मातकट, सगळं तिथं निघायचं. ज्याची भिंत फुगली, त्याला तर सोडायचेच नाहीत. "बाळंत कधी व्हायची रं तुझी भिंत?" एकदा सिमेंटनं माझे हात सोलून निघाले, तेव्हा राहिलेलं बांधकाम त्यांनी आपसात वाटून उरकलं आणि मालकाला सांगितलं, काम त्याचंच हाय. मी कुणाला बोलावलं नव्हतं.

आता त्यांतला एकही उरला नाही. चिंच रस्त्यात गेली. अजून अवस आली की मी सकाळी धुतलेली टोपी घालून तयार होतो, आणि मग जायचं कुठं ते कळत नाही.

लेकीची बोटं अशी सुजली की चहाचा कप धरवेना. एका दवाखान्याचं काम ठरल्या तारखेला द्यायचं होतं. ती म्हणाली, हे हातचं गेलं तर मी पुण्यात नोकरी धरते, एकटीनं असं किती दिवस ओढायचं. मी म्हणालो, जा की, तुला कुणी बांधून ठेवलंय? माडीवर तिची खुर्ची सरकली की मला घर भरल्यासारखं वाटतं. पण राहा म्हणून पोरीला विनवणं माझ्या जिभेला जमत नाही.

तिनं संघटनेच्या ग्रुपवर तोंडी निरोप टाकला. दुपारपर्यंत राहुरीच्या एका बाईनं आणि शेवगावच्या एका गड्यानं काम वाटून घेतलं. ती खाटेवर पडून फोनवर सांगायची, ते तिकडं करायचे. काम वेळेत गेलं. दवाखान्याच्या डॉक्टरांनी काम कुणी केलं म्हणून चौकशी केली तेव्हा तिघंही फोनवर होते. मी चहा घेऊन जिन्यात पोचलो होतो. शेवगावचा गडी म्हणत होता, "काम ताईंचंच आहे. आम्ही फक्त हात लावला."

मी कप घेऊन तिथंच पायरीवर बसलो. चहा निवून गेला.

बोटं वळायला लागल्यावर एका संध्याकाळी ती खाली आली.

"आबा, पुण्याचं काढलं मी डोक्यातनं. पुढची बैठक आपल्याकडं घेऊ का?"

"घे की."

"बसायला जागा न्हाई पण. उद्या लिंबाखाली ओटा बांधता का?"

"उद्या अवस हाय."

"व्हय की. मग खुर्च्या मागवते."

"खुर्च्या नको," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेली टोपी घातली, गावातला टेम्पो सांगितला आणि बाजारतळावर गेलो. दगड गटारीच्या कडेला गवतात तसेच पडले होते. टेम्पोवाला आणि मी पहारीनं लोटून ते चढवले, घरी आणले, लिंबाखाली गोल मांडले. थापीला हात लावला नाही.