कवितेचा निकाल आणि वसुधाचा डबा

मंडळी, आज सकाळी सिंगापूरच्या एमआरटी ट्रेनमध्ये उभ्या उभ्या एक चूक करून बसले.

आम्ही पाच मैत्रिणी. ब्रिटनमधल्या एका साहित्य पुरस्काराचे पाच विभाग दरवर्षी आपसांत वाटून घेतो. कादंबरी, पहिली कादंबरी, चरित्र, कविता, मुलांची पुस्तकं. यादीतली पुस्तकं वाचून प्रत्येकीने आपल्या विभागाचा विजेता आधीच सांगायचा. जिचा अंदाज बरोबर, तिला पुढच्या भेटीत डबा माफ. बाकीच्यांनी आपापल्या डब्यातलं आधी तिला वाढायचं.

कविता वसुधाकडे. चार वर्षांत तिचा अंदाज एकदाही बरोबर आला नव्हता. दर वेळी मुकाट्याने साबुदाणा वडे घेऊन आमच्या भेटीला तोआ पायोहला यायची.

आज निकाल लागला. तिने सांगितलेलंच पुस्तक! मी ग्रुपवर लिहून मोकळी, "वसुधा, जिंकलीस गं एकदाची!"

पाठवल्यावर आठवलं. वसुधा गेली, त्याला तीन आठवडे झालेत. तिला शेवटचा निरोप द्यायला आम्ही चौघी होतो की.

तेवढ्यात तिच्याच नंबरवरून उत्तर आलं. फोन आता तिच्या नवऱ्याकडे, श्रीकांतकडे असतो.

"म्हणजे शनिवारी तिचा डबा माफ ना?"

"हो, माफ," मी लिहिलं.

मग पाया लेबारला उतरले, ऑफिसात दोन मीटिंगा केल्या, जेवलेही. रडू येईल म्हणून वाट बघतेय. अजून आलेलं नाही.

शनिवारी चार डबे उघडतील. नियमाप्रमाणे आधी तिला वाढायचंय.

वाढू ना?