दम धर

निजामीत भोकरदनच्या तालमीत मी स्वतःला अर्धा वस्ताद समजायचो. खरे वस्ताद आठ दिवस लेकीच्या गावी गेले आणि नवख्यांवर लक्ष ठेव, असं मला सांगून गेले. मला तेवढंच हवं होतं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.

माझा धाकटा चुलतभाऊ नुकताच तालमीत येऊ लागला होता. त्याला वडील नव्हते. औत, मोट, सगळं त्याच्याच अंगावर. तालमीतला गुळगुळीत धोंडा उचलायची त्याला भारी हौस. वस्तादांनी त्याला महिनाभर थांबायला सांगितलं होतं. जोर नुसता दंडात नसतो, असं ते म्हणायचे. आधी सांधे मोकळे करा, अंग तापवा, पाठीनं नाही तर मांड्यांच्या बळावर उठा, आणि उठताना श्वास सोडा. हे सगळं मला पाठ होतं. पाठ असणं वेगळं आणि शिकवता येणं वेगळं, हे मात्र ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी बैठका मारून तो धापा टाकतच धोंड्याला भिडला. मी लांबून ओरडलो, "दम धर." मला म्हणायचं होतं, थांब, धाप ओसरू दे. त्यानं श्वास छातीत कोंडला आणि धोंडा उचलला. गुडघ्यापर्यंत आणला असेल नसेल, तोच जांघ दाबून खाली बसला. चेहरा पांढराफटक पडला होता.

जालन्याच्या डॉक्टरांनी अंतर्गळ झालाय, आतडं जांघेत उतरलंय, म्हणून सांगितलं. कमरेला पट्टा दिला आणि यापुढं जड कामाला हात लावायचा नाही, असं बजावलं. मला त्याचं औत आठवलं.

परतताना बैलगाडीत तो हळूच म्हणाला, "दादा, तू म्हणल्ता तसा दम धरला व्हता मी. बराबर धरला व्हता."

त्याला अजून वाटत होतं, आपलंच काही चुकलं. त्याला खरा अर्थ मी सांगितला नाही. लाज वाटत होती, आणि चुलती काय म्हणेल याची भीती त्याहून जास्त.

चुलतीनं विचारलंच. तो ओसरीवर पडला होता, मी शेजारी बसलो होतो. "तू तिथं व्हतास ना? मंग आडवलं का न्हाई त्याला?" मी त्याच्या अंगावरचं पांघरूण सारखं करू लागलो.

तोच बोलला. "दादा नगं म्हणत व्हता, आई. मीच ऐकलं न्हाई."

चुलतीचा चेहरा निवळला. उन्हातून आलास म्हणत तिनं मला ताक आणून दिलं, आणि मी ते प्यालो.