मेला तर उद्या काय?

चुलतभावाच्या कडब्याची गंजी जळाली तेव्हा मी तिथं नव्हतोच. त्याच्याच विडीनं ती पेटली, असं मी आजही छातीठोक सांगतो. पण बांधावरून आमचं आधीच वाकडं होतं. देऊळघाटच्या बाजारात चारचौघांत तो माझं नाव घेऊन बोंबलायला लागला आणि मला चेव आला. "हाव, म्याच लावली! काय करतं तं कर!" न केलेल्या पराक्रमाची फुशारकी मारून तुरुंगात गेलेला आमच्या तालुक्यात मी एकटाच असेन. त्यानं तेच चारचौघं साक्षीला उभे केले आणि स्वतः शपथेवर सांगितलं की मला काडी ओढताना डोळ्यांनी पाहिलं. डोळ्यांनी!

महाराष्ट्र नवा होता, बुलढाण्याचा तुरुंग जुना. दिवस कसाबसा जायचा. दिवस कलला की बराकीला कुलूप लागायचं, आणि त्या आवाजासरशी छातीवर कुणी जातं ठेवल्यासारखं व्हायचं. भाकरी घशाखाली उतरेना. कोपऱ्यातला एक जण भिंतीकडे तोंड करून बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. आपणही तसेच होणार, ही भीती मला तुरुंगापेक्षा मोठी वाटायची.

मग मी भावाला मारायला लागलो. म्हणजे मनात. अंबाडीचा दोर वळता वळता रोज त्याचा गळा आवळायचो. एके दिवशी शेजारी दोर वळणाऱ्या म्हाताऱ्या जन्मठेपवाल्यानं माझा दोर हातात घेतला. पीळ इतका बसला होता की दोर जागोजागी आकडला होता.

"कोनाशी बोलून राह्यला बे?"

"भावाशी."

"काय म्हन्ते?"

"काही नाही. मेला."

"काल?"

"कालही मेला."

म्हातारा हसला. "आन् मेल्यावर तू काय करतं?"

खरंच, काय करायचो? तो मेला की मन रिकामं व्हायचं आणि ते जातं पुन्हा छातीवर येऊन बसायचं.

"रोज मारू नको बे. मेला तं उद्या काय करशीन? त्याले जित्ता ठेव. पुरवून पुरवून वापर."

"तुमचा कोण आहे, बाबा?"

"माहा तं म्या मारूनच आलो," म्हातारा दोर वळत म्हणाला. "आता कोनाशी बोलू?"

त्या दिवसापासून मी भावाला जिवंत ठेवलं. भर उन्हात अनवाणी उभा करून कुंदा खणायला लावला. हे तण असं हट्टी की खाली मूळ राहिलं की पुन्हा वर येतं. एकदा बाजारात त्याच चारचौघांसमोर त्याच्याकडून माझे जोडे पुसून घेतले. कुलूप लागलं की म्हातारा विचारायचा, "आज काय शिक्षा देल्ली?" बराकीतले बाकीचेही भर घालायला लागले. भिंतीकडे तोंड केलेला तो एकदा वळला आणि म्हणाला, "मिरच्या तोडाले लाव. मंग डोये चोयाले लाव." त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

सुटलो तो खरा सूड घ्यायचाच, असं ठरवून. गावात शिरलो तर भाऊ मुदतीच्या तापानं अंथरुणाला खिळलेला, डोळे खोल गेलेले. दारात उभा राहून त्याच्याकडे पाहिलं आणि तुरुंगातल्या म्हाताऱ्याचा प्रश्न आठवला. हा मेला तर?

मीच बैलगाडी जुंपली. मीच त्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात नेलं आणि तो उठून बसेपर्यंत उशाशी बसून राहिलो. गाव म्हणालं, सख्ख्या भावानंही केलं नसतं. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

भावाच्या डोळ्यांत पाणी आलं. "दादा, माह्यासाठी काऊन केलं रे एवढं?"

"बरा हो आधी. मंग सांगतो."

अजून सांगितलेलं नाही. आता तो म्हातारा झालाय, दम लागतो त्याला. थंडीचे दिवस आले की मीच बजावतो, "मफलर बांधत जा बे." तो गहिवरतो. घरी येऊन मी खाटेवर पडतो, डोळे मिटतो आणि त्याला पुन्हा कुंद्यात उभा करतो.